अपघातानंतर वकील नेमताना : भरपाईत टक्केवारी मागणे नियमबाह्य, फी लेखी ठरवावी, कागद जपावेत

बंगळुरू : होसूर रस्ता, तुमकुरू रस्ता किंवा शहराला वेढणारा बाह्य वळण रस्ता, यांपैकी कोठेही दुचाकीवरून कामावर निघालेला एखादा तरुण अपघातात जखमी होतो आणि लातूर, कोल्हापूर वा बेळगावकडील त्याच्या घरी दूरध्वनी जातो. नातेवाईक रात्रीची बस पकडून शहरात पोहोचतात. शहर अनोळखी, पोलिसांचे कागद कन्नडमध्ये आणि रुग्णालयाचे बिल रोज वाढणारे. अशा वेळी रुग्णालयाच्या आवारातच कोणीतरी भेटते आणि सांगते, "आता काही देऊ नका, भरपाई मिळाली की त्यातला ठरलेला हिस्सा द्या." खिशात पैसे नसलेल्या कुटुंबाला हा प्रस्ताव आधार वाटतो. मात्र भरपाईच्या रकमेत वकिलाचा हिस्सा ठरविणे भारतात वकिली व्यवसायाच्या नियमांनुसार निषिद्ध असून, सर्वोच्च न्यायालयानेही तसा करार बेकायदेशीर ठरविला आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला आणि ४ लाख ४३ हजार ३६६ जण जखमी झाले. या प्रत्येक आकड्यामागे भरपाईचा संभाव्य दावा आहे. भरपाई किती मिळेल आणि त्यातील किती रक्कम प्रत्यक्ष जखमीच्या हाती पडेल, हे बऱ्याच अंशी पहिल्या काही आठवड्यांत जमा केलेल्या कागदांवर आणि वकिलाशी झालेल्या बोलणीवर ठरते.

टक्केवारीचा करार का चालत नाही

अमेरिकेत अपघाताच्या दाव्यांत वकील निकालावर अवलंबून असलेली फी घेतात. दावा जिंकला तर रकमेचा साधारण एक तृतीयांश हिस्सा वकिलाचा आणि हरला तर फी नाही, अशी तेथील रूढ पद्धत आहे. भारतात तसे नाही. वकिलांच्या आचारसंहितेसंबंधी भारतीय विधिज्ञ परिषदेने केलेल्या नियमांतील नियम २० नुसार, वकिलाला दाव्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरविता येत नाही आणि दाव्यातून मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्याचा करारही करता येत नाही.

हे तत्त्व नवे नाही. मुंबईतील एका वकिलाने वसुलीच्या रकमेत निम्मा वाटा घेण्याचा करार अशिलाशी केला होता. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो व्यावसायिक गैरवर्तन ठरविला. त्यानंतर ५ डिसेंबर २०१७ रोजी 'बी. सुनीता विरुद्ध तेलंगण राज्य' या प्रकरणात न्यायमूर्ती आदर्शकुमार गोयल आणि न्यायमूर्ती उदय लळित यांच्या खंडपीठाने थेट अपघात भरपाईच्याच संदर्भात निकाल दिला. पतीच्या अपघाती मृत्यूबद्दल भरपाई मिळालेल्या महिलेने फीपोटी मोठी रक्कम आधीच दिली होती. तरीही आणखी ३ लाख रुपयांचा धनादेश न वटल्याबद्दल वकिलाने तिच्यावर फौजदारी खटला दाखल केला होता. दाव्याच्या रकमेवर टक्केवारीने आकारलेली फी सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे आणि तशी मागणी हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे सांगून न्यायालयाने तो खटला रद्द केला.

याचा अर्थ वकिलाने फी घेऊ नये असा नाही. कामाच्या टप्प्यांनुसार ठरावीक फी, तारखेनुसार फी किंवा एकरकमी फी हे सारे मार्ग खुले आहेत. फी हप्त्यांनी देण्याचेही ठरविता येते. निषिद्ध आहे तो जखमीच्या भरपाईतील वाटा.

त्याचप्रमाणे नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करून किंवा दलालांमार्फत काम मिळविता येत नाही. संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शैक्षणिक पात्रता आणि कामाचे क्षेत्र एवढी माहिती देण्याची मुभा २००८ मध्ये देण्यात आली. ऑनलाइन मंचांवरून अशिले मिळविणाऱ्या वकिलांवर कारवाई व्हावी, असे आदेश मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिले. त्यामुळे अतिदक्षता विभागाच्या दारात कोरे वकीलपत्र घेऊन येणारी व्यक्ती स्वतः वकील असो वा वकिलाचा माणूस, तिची सुरुवातच नियमभंगाने झालेली असते.

वकिलापूर्वी पोलिसांची जबाबदारी

वकील नेमण्याची घाई न करण्याचे आणखी एक कारण कायद्यातच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीतील भरपाईविषयक तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून लागू झाल्या. त्यांनुसार आणि त्यासोबत केलेल्या केंद्रीय नियमांनुसार दाव्याची पहिली कागदपत्रे तयार करण्याची जबाबदारी तपास अधिकाऱ्यावर आहे. अपघातानंतर ४८ तासांत प्राथमिक अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल पोलिसांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला सादर करावयाचा असतो. वाहनमालक, चालक, विमा कंपनी, वाहन परवाना, जखमांचे स्वरूप आणि साक्षीदार यांची माहिती या अहवालांत येते. न्यायाधिकरण पोलिसांचा अहवाल हाच भरपाईचा अर्ज समजून कामकाज सुरू करू शकते.

या तरतुदींची अंमलबजावणी व्हावी यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०२२ रोजी 'गोहर मोहम्मद' प्रकरणात देशभरातील पोलीस ठाण्यांना आणि न्यायाधिकरणांना सविस्तर निर्देश दिले. अपघातग्रस्ताला त्याच्या हक्कांची माहिती देणारा विहित नमुनाही तपास अधिकाऱ्याने द्यावयाचा असतो. नातेवाइकांनी तो मागून घ्यावा.

पहिल्या दिवसांतील कामे साधी असली तरी महत्त्वाची आहेत. प्रथम खबर अहवालाची प्रत मोफत मिळते, ती घ्यावी. कर्नाटकात घटनास्थळाच्या पंचनाम्याला 'महजर' म्हणतात. त्याची प्रत आणि घटनास्थळाचा नकाशा मिळवावा. रुग्णालयाने पोलिसांना दिलेले जखमांचे प्रमाणपत्र, भरती आणि सुटीचे कागद, क्ष-किरण व इतर तपासण्यांचे अहवाल, औषधांची मूळ बिले आणि रुग्णवाहिकेच्या पावत्या एका फायलीत ठेवाव्यात. कन्नड कागदांचा अर्थ जाणकाराकडून समजून घेतल्याशिवाय कोणत्याही जबाबावर स्वाक्षरी करू नये. अपघाताची वेळ, दिशा, वाहनाचा क्रमांक आणि चूक कोणाची, या चार बाबी प्रथम खबर अहवालात चुकीच्या नोंदल्या गेल्या तर पुढे कितीही निष्णात वकील असला तरी त्याची अर्धी शक्ती ती चूक निस्तरण्यातच जाते.

उपचारांच्या खर्चासाठी केंद्र सरकारने ५ मे २०२५ रोजी अधिसूचित केलेली रोकडविरहित उपचार योजना उपलब्ध आहे. तीनुसार रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. त्यासाठी वकिलाची गरज नाही.

अपघात करून वाहन पळून गेले आणि त्याचा शोध लागला नाही, तर कलम १६१ अंतर्गत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर जखमेसाठी ५० हजार रुपये मिळतात. हा अर्ज न्यायाधिकरणाकडे नव्हे, तर महसूल अधिकाऱ्याच्या स्तरावरील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. तोही वकिलाविना करता येतो.

दावा बंगळुरूत की गावाकडे

बंगळुरू शहरातील अपघातांचे दावे लघुवाद न्यायालयातील न्यायाधीश मोटार अपघात दावा न्यायाधिकरण म्हणून चालवितात. अपघात बंगळुरूत झाला म्हणून दावाही तेथेच दाखल करावा, असे बंधन मात्र नाही. कलम १६६ नुसार दावेदाराला तीन पर्याय आहेत : अपघात झाला ते ठिकाण, दावेदार राहतो किंवा व्यवसाय करतो ते ठिकाण आणि प्रतिवादी राहतो ते ठिकाण. विमा कंपनीचे कार्यालय ज्या न्यायाधिकरणाच्या हद्दीत आहे तेथील दावा केवळ हद्दीच्या कारणावरून फेटाळू नये, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये 'मालती सरदार' प्रकरणात घेतली.

महाराष्ट्रातून किंवा सीमाभागातून बंगळुरूत कामासाठी गेलेल्या कुटुंबांसाठी हा पर्याय मोलाचा आहे. जखमी तरुण उपचारांनंतर कोल्हापूरला आई-वडिलांकडे परतला असेल, तर तेथील न्यायाधिकरणात दावा दाखल करता येतो. भाषेचा अडसर राहत नाही आणि प्रत्येक तारखेला सहाशेहून अधिक किलोमीटरांचा प्रवास टळतो. पुढील अपिलाचेही अंतर कमी झाले आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. बेळगावच्या न्यायाधिकरणाच्या निकालावरील अपील कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे जाते.

दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, नोकरी देणारी संस्था आणि अपघाताचे साक्षीदार बंगळुरूत असतील, तर त्यांची साक्ष गावाकडील न्यायालयात नोंदविणे खर्चाचे आणि वेळखाऊ ठरते. वकिलाच्या पहिल्याच भेटीत हा प्रश्न विचारावा. साक्षी कोणाच्या लागतील आणि त्या कोठे सोयीच्या पडतील, याचे उत्तर न देता "दावा माझ्याच न्यायालयात टाका" असा आग्रह धरणारा वकील अशिलाची सोय पाहत नाही, असे समजावे.

मुदतीकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. दुरुस्त कायद्यानुसार दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावयाचा असतो. या मुदतीच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. तरीही त्या निकालाच्या भरवशावर न राहता सहा महिन्यांच्या आत अर्ज करणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

जखमी व्यक्ती कामावर असताना अपघात झाला असेल, तर कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ हाही एक मार्ग असतो. मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७ नुसार दोन्हींपैकी एकाच कायद्याखाली भरपाई मागता येते. एकदा निवड केल्यावर ती बदलणे कठीण असते, म्हणून दोन्हींचे गणित वकिलाकडून आधी मांडून घ्यावे.

रक्कम कशी ठरते

भरपाई न्यायाधीशाच्या दयेवर किंवा वकिलाच्या वक्तृत्वावर अवलंबून असते, असा समज आहे. प्रत्यक्षात बराचसा भाग ठरलेल्या हिशेबाचा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या 'सरला वर्मा' निकालाने वयानुसार गुणक निश्चित केला. १५ ते २५ वर्षांसाठी १८, २६ ते ३० साठी १७, ३१ ते ३५ साठी १६ आणि ३६ ते ४० साठी १५ असा तो उतरत जातो. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी घटनापीठाने 'प्रणय सेठी' निकालात भविष्यातील उत्पन्नवाढीचे प्रमाण ठरविले. स्वयंरोजगार करणाऱ्या किंवा ठरावीक पगारावरील ४० वर्षांखालील व्यक्तीच्या उत्पन्नात ४० टक्के आणि कायम नोकरीतील त्याच वयाच्या व्यक्तीच्या उत्पन्नात ५० टक्के भर घालावी, असे त्यात म्हटले आहे. कायमचे अपंगत्व आलेल्या जखमींनाही हे तत्त्व लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये 'पप्पू देव यादव' प्रकरणात स्पष्ट केले.

उदाहरणादाखल, घरपोच वस्तू पोहोचविणारा २८ वर्षांचा तरुण दरमहा २५ हजार रुपये मिळवितो आणि अपघातामुळे त्याची कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी घटते, असे समजू. वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपये. त्यात ४० टक्के भर घातल्यास ४ लाख २० हजार. त्याचे ३० टक्के म्हणजे १ लाख २६ हजार. त्याला १७ ने गुणल्यास २१ लाख ४२ हजार रुपये होतात. उपचारांचा खर्च, वेदना, बुडालेला पगार आणि पुढील शस्त्रक्रिया यांची रक्कम याखेरीज मिळते.

आता त्याच तरुणाकडे उत्पन्नाचा पुरावा नाही आणि न्यायाधिकरणाने त्याचे उत्पन्न अंदाजाने १५ हजार रुपये धरले, असे मानू. त्याच पद्धतीने रक्कम १२ लाख ८५ हजार २०० रुपये होते. बँक खात्याचे उतारे, कामाच्या ॲपमधील मिळकतीच्या नोंदी, पगारपत्रक किंवा प्राप्तिकर विवरण एवढे कागद नसल्याची किंमत ८ लाख ५६ हजार ८०० रुपये भरते.

टक्केवारीच्या कराराची किंमतही याच हिशेबातून दिसते. २१ लाख ४२ हजारांतील २० टक्के हिस्सा दिला, तर ४ लाख २८ हजार ४०० रुपये जातात. ही रक्कम गुणकाच्या हिशेबाने त्या तरुणाच्या सुमारे साडेतीन वर्षांच्या बुडालेल्या कमाईची आहे.

उत्पन्नाचा कागद मुळीच नसलेल्यांचा दावाही निकालात निघत नाही. कर्नाटकातील एका हमालाच्या 'रामचंद्रप्पा' प्रकरणात (२०११) आणि पाय गमावलेल्या भाजीविक्रेत्याच्या 'सय्यद सादिक' प्रकरणात (२०१४) सर्वोच्च न्यायालयाने कष्टकऱ्यांकडून उत्पन्नाच्या लेखी पुराव्याची अपेक्षा धरता येत नाही, ही भूमिका घेऊन भरपाई वाढविली. 'नागप्पा' या कर्नाटकातीलच प्रकरणात (२००२) मागणीपेक्षा अधिक रक्कमही न्यायाधिकरण देऊ शकते, असे स्पष्ट करण्यात आले. कायद्याचा शब्द 'न्याय्य भरपाई' असा आहे.

अपंगत्वाचा दाखला

वकिलाची खरी कसोटी अपंगत्व सिद्ध करताना लागते. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २०१० रोजी 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' प्रकरणात शारीरिक अपंगत्व आणि कमाईची घटलेली क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजावून सांगितले. डावा हात गमावलेल्या व्यक्तीचे शारीरिक अपंगत्व सुमारे ६० टक्के धरले जाईल. ती व्यक्ती वाहनचालक किंवा सुतार असेल, तर तिची कमाईची क्षमता जवळपास शंभर टक्के संपते. सरकारी कार्यालयात लिपिक असेल, तर नोकरी टिकूही शकते.

म्हणूनच जखमी व्यक्ती रोज नेमके काय काम करीत होती, हे न्यायाधिकरणासमोर तपशीलाने यावे लागते. संगणकावर दहा तास बसणाऱ्या अभियंत्याच्या पाठीच्या मणक्याची इजा आणि त्याच इजेसह पोती उचलणाऱ्या कामगाराची स्थिती वेगळी असते. हे काम छापील साच्यातील अर्जाने होत नाही. त्यासाठी वकिलाने जखमीला भेटून त्याचे काम समजून घ्यावे लागते.

याच निकालात न्यायालयाने एक इशाराही दिला आहे. उपचार न केलेल्या डॉक्टरांनी सरसकट दिलेल्या तयार दाखल्यांबाबत न्यायाधिकरणांनी सावध राहावे, असे त्यात म्हटले आहे. "टक्का वाढवून देणारा डॉक्टर आमच्याकडे आहे" असे सांगणारा वकील किंवा मध्यस्थ त्यामुळे अशिलाचे नुकसानच करतो. उलटतपासणीत असा दाखला कोसळला की खऱ्या जखमेवरचा विश्वासही डळमळतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष किंवा सरकारी वैद्यकीय मंडळाचा दाखला हाच टिकाऊ पुरावा ठरतो.

वकिलाला काय विचारावे

वकिलाची नोंदणी राज्य विधिज्ञ परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही. त्यापुढील प्रश्न व्यवहाराचे आहेत. अपघात दाव्यांचे काम ते नियमित करतात का? साक्षी आणि उलटतपासणीच्या दिवशी स्वतः उभे राहणार की कनिष्ठ सहकारी? मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत अशिलाला प्रत्येक टप्पा समजावून देणार का? अपिलाची फी यातच धरली आहे की वेगळी?

फीचे बोलणे लेखी असावे. अर्ज दाखल करणे, पुरावा नोंदविणे, अंतिम युक्तिवाद आणि रक्कम काढून घेणे अशा टप्प्यांनुसार रक्कम ठरविल्यास दोन्ही बाजूंना स्पष्टता राहते. प्रमाणित प्रती, डॉक्टरांच्या साक्षीचा खर्च आणि प्रवास यांचा हिशेब वेगळा ठेवावा. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. कोऱ्या कागदावर, कोऱ्या धनादेशावर किंवा न वाचलेल्या प्रतिज्ञापत्रावर स्वाक्षरी करू नये. मूळ कागद न्यायालयात सादर होईपर्यंत स्वतःजवळ ठेवून वकिलाला प्रती द्याव्यात.

दावा दाखल झाल्यावर त्याला १६ अक्षरांचा व अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो वकिलाकडून घ्यावा. ई-कोर्ट्स सेवेच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर हा क्रमांक टाकला की पुढील तारीख, मागील आदेश आणि निकाल घरबसल्या पाहता येतात. "तारीख पडली" एवढ्या उत्तरावर महिनोन्महिने विसंबून राहण्याची वेळ त्यामुळे येत नाही.

तडजोडीचा प्रस्ताव आणि लोकअदालत

दुरुस्त कलम १४९ नुसार विमा कंपनीने अपघाताची माहिती मिळाल्यावर दावा मिटविण्यासाठी अधिकारी नेमावा आणि ३० दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव द्यावा, अशी व्यवस्था आहे. प्रस्ताव मान्य झाल्यास न्यायाधिकरण तशी नोंद करते आणि कंपनीने ३० दिवसांत रक्कम द्यावयाची असते. अमान्य झाल्यास दावा गुणवत्तेवर चालतो.

येथे घाई नडू शकते. कलम १६४ नुसार चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर जखमेसाठी अडीच लाख रुपये मिळतात. ही रक्कम तडजोडीत स्वीकारल्यास न्यायाधिकरणातील मूळ दावा संपुष्टात येतो. चूक सिद्ध होणे कठीण असलेल्या प्रकरणात हा मार्ग योग्य ठरू शकतो. तरुण वयात कायमचे अपंगत्व आलेल्या जखमीसाठी मात्र वर दाखविलेल्या हिशेबाशी ताडून पाहिल्यावाचून होकार देणे महागात पडते.

लोकअदालतीत दावे लवकर मिटतात, ही सोय आहे. मात्र विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ नुसार लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील होत नाही. न्यायाधिकरणाच्या निकालावर मात्र ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. वादातील रक्कम १ लाख रुपयांपेक्षा कमी असल्यास अपिलाचा अधिकार नाही. लोकअदालतीत स्वाक्षरी करण्यापूर्वी किती रक्कम सोडली जात आहे, हे वकिलाकडून आकड्यांत लिहून घ्यावे.

पैसे नसतील तर

फी देण्याची ऐपत नसणे हे टक्केवारीचा करार मान्य करण्याचे कारण होऊ नये, यासाठी कायद्यात पर्याय आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, औद्योगिक कामगार, दिव्यांग व्यक्ती आणि विहित मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना मोफत वकील मिळतो. महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही. अपघातात पती गमावलेली महिला किंवा पाय गमावलेला कामगार यांचा हा हक्क आहे. बंगळुरूत सिद्दय्या रस्त्यावरील 'न्याय देगुल' इमारतीत कर्नाटक राज्य विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. देशात कोठूनही १५१०० या मदत क्रमांकावर माहिती मिळते.

तक्रार असेल तर

वकिलाच्या सेवेविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. वकिली सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. टक्केवारीची मागणी, पैशांचा हिशेब न देणे किंवा अशिलाची फसवणूक यांबाबत वकील कायदा, १९६१ च्या कलम ३५ नुसार संबंधित राज्याच्या विधिज्ञ परिषदेकडे लेखी तक्रार करावी लागते. फीचा लेखी करार, पावत्या आणि संदेशांच्या नोंदी तेथे पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

वकील बदलण्याचा अधिकार अशिलाला असतो. फी थकली म्हणून प्रकरणाचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये 'आर. डी. सक्सेना' प्रकरणात स्पष्ट केले आहे. वकिलाची न्याय्य थकबाकी मात्र अशिलाने द्यावयास हवी. तिच्या वसुलीसाठी वकिलाला स्वतंत्र कायदेशीर मार्ग खुला असतो.

रक्कम मंजूर झाल्यानंतरही सावधगिरी संपत नाही. अशिक्षित किंवा अल्पवयीन दावेदारांचे पैसे इतरांच्या हाती जाऊ नयेत म्हणून रकमेचा मोठा भाग मुदत ठेवीत ठेवण्याची मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या 'सुसम्मा थॉमस' निकालात घालून दिली. अलीकडील आदेशांत भरपाई थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा करण्यावर भर आहे. त्यामुळे दाव्यात दिलेले खाते जखमीच्या किंवा वारसाच्याच नावे असावे, त्याचे धनादेश पुस्तक आणि एटीएम कार्ड त्याच्याच ताब्यात असावे आणि खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांकही त्याचाच असावा. निकालाच्या दिवशी न्यायाधिकरणाच्या आदेशाची प्रमाणित प्रत मागून, मंजूर रक्कम, व्याज आणि खात्यात जमा झालेली रक्कम हे तीन आकडे कुटुंबाने स्वतः जुळवून पाहावेत.